सिंगापूरची फ्रेंच शाळा: तीन भावंडं, तीन वेगळी उत्तरं

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुमच्या यजमानांची फ्रेंच कंपनी त्यांना पुण्याहून तीन वर्षांसाठी सिंगापूरला पाठवते आहे. मुलांची फी कंपनी भरणार आहे आणि तिथल्या फ्रेंच आंतरराष्ट्रीय शाळेचं नावही कंपनीनेच सुचवलं आहे. धाकटा साडेतीन वर्षांचा, मधली नऊ वर्षांची, सीबीएसईच्या तिसरीत. थोरला चौदाचा, नववीत, आणि त्याला इंजिनिअर व्हायचं आहे. घरात फ्रेंच कोणालाच येत नाही. तीन वर्षांनी फ्रान्समधलं तुलूझ की पुन्हा पुणे, हे ठरलेलं नाही. तिघांना एकाच शाळेत घालावं का, असं तुम्ही विचारता आहात.

धाकट्याला घाला, बिनधास्त. मधलीचं उत्तर तुलूझवर अवलंबून आहे. थोरल्याला घालू नका, शाळेने प्रवेश देऊ केला तरीही.

मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले आणि पुढे बरीच वर्षं परदेशातल्या फ्रेंच शाळांमध्ये शिकवलं. फ्रेंच अजिबात न येणाऱ्या मुलांना वर्गात बसून शिकता येईल इतकी भाषा देणं, हेच माझं काम होतं. तुमच्यासारखी कुटुंबं मी खूप पाहिली आहेत, म्हणून जरा लांबण लावून सांगते.

आधी या शाळा काय असतात ते पाहू. परदेशातल्या फ्रेंच शाळांचं जाळं एईएफई ही फ्रेंच सरकारी संस्था सांभाळते. ती १९९० मध्ये कायद्याने स्थापन झाली. आज या जाळ्यात सुमारे सहाशे शाळा आहेत, १३० हून अधिक देशांत, आणि त्यांतली बहुसंख्य मुलं फ्रेंच नाहीत. आपल्याकडे पुदुच्चेरीचं लिसे, म्हणजे तिथली फ्रेंच शाळा, १८२६ पासून चालू आहे; मुंबईत आणि दिल्लीतही अशा शाळा आहेत. सिंगापूरची शाळा १९६७ ची. पूर्वी तिला लिसे फ्रांसे द सेंगापूर म्हणत, आता इंटरनॅशनल फ्रेंच स्कूल म्हणतात, आणि ती आंग मो किओ भागात आहे.

या सगळ्या शाळांचा कणा म्हणजे फ्रेंच शिक्षण मंत्रालयाची मान्यता. अशा मान्यताप्राप्त वर्गातलं मूल दुसऱ्या देशातल्या मान्यताप्राप्त शाळेत किंवा थेट फ्रान्समधल्या सरकारी शाळेत प्रवेश परीक्षा न देता पुढच्या वर्गात बसतं. अभ्यासक्रम तोच असतो. दर तीन-चार वर्षांनी बदली होणाऱ्या घरासाठी याहून मोठी सोय नाही, आणि कंपनीने ही शाळा सुचवण्याचं कारणही बहुधा हेच असावं. मात्र ही मान्यता शाळेला सरसकट मिळत नाही, ती इयत्तांच्या टप्प्यांनुसार मिळते. काही छोट्या शाळांमध्ये प्राथमिकपर्यंतचे वर्ग मान्य असतात आणि वरचे वर्ग क्नेद या फ्रेंच सरकारी दूरशिक्षण संस्थेच्या साहित्यावर चालतात. सिंगापूरची शाळा मोठी आणि जुनी आहे, तिथे ही काळजी नको. पण पुढच्या बदलीच्या गावी हे नक्की तपासा. मान्य शाळांची यादी मंत्रालय दरवर्षी प्रसिद्ध करतं.

इयत्तांचा हिशोब सोपा आहे. वय कॅलेंडर वर्षावर मोजतात. ज्या वर्षी मूल तीन पूर्ण करतं त्या वर्षीच्या सप्टेंबरला मातेर्नेल म्हणजे तिथल्या तीन वर्षांच्या बालशाळेच्या पहिल्या वर्गात, आणि ज्या वर्षी सहा पूर्ण करतं त्या वर्षी सीपीत, म्हणजे आपल्या पहिलीत. मग सीई-१, सीई-२, सीएम-१, सीएम-२ अशी पाचवीपर्यंतची प्राथमिक शाळा. त्यानंतर चार वर्षांचं कोलेज. त्याचा पहिला वर्ग सिझिएम म्हणजे बरोबर आपली सहावी, पण तिथून आकडे उलटे उतरतात: सातवीला सँकिएम, आठवीला कात्रिएम, नववीला त्रॉझिएम. शेवटी तीन वर्षांचं लिसे: सगोंद, प्रमिएर, तेर्मिनाल. तेर्मिनालच्या अखेरीस बाकालोरेआ ही शालान्त परीक्षा, म्हणजेच बाक. तुमचा धाकटा या वर्षात चार पूर्ण करणार असेल तर मातेर्नेलच्या मधल्या वर्गात जाईल, मधली सीएम-१ मध्ये आणि थोरला सगोंदमध्ये.

आता भाषेकडे वळू. तिघांची उत्तरं वेगळी आहेत ती भाषेमुळे. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी एक फरक फार पूर्वी दाखवून दिला आणि माझ्या वर्गात तो मला दरवर्षी दिसत आला. मैदानावर, डब्याच्या टेबलावर, मैत्रिणीशी भांडताना लागणारी भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते. इतिहासाचा धडा वाचून त्यावर स्वतःच्या वाक्यांत उत्तर लिहायला, शास्त्रातला ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ नेमका वापरायला जी भाषा लागते, तिला पाच ते सात वर्षं लागतात. पालक पहिली भाषा ऐकतात आणि मुलाला फ्रेंच आलं असं समजतात. शिक्षक दुसरीची वाट पाहत असतात. तुमच्या प्रत्येक मुलाच्या वयात पाच मिळवून बघा. साडेतीन अधिक पाच म्हणजे तिसरी, तिथे सगळं वेळेत येतं. नऊ अधिक पाच म्हणजे नववी, उशीर आहे पण रस्ता आहे. चौदा अधिक पाच म्हणजे बाक होऊनही गेलेली असते.

धाकट्याबद्दल एवढंच सांगते की मातेर्नेल ही फ्रेंच शिक्षणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. फ्रान्समध्ये २०१९ पासून शिक्षण तिसऱ्या वर्षापासूनच सक्तीचं आहे, आणि या तीन वर्षांना पाळणाघर न समजता खरी शाळा म्हणून गंभीरपणे घेतलं जातं. तरीही चौथ्या वर्षी मूल ‘ए फॉर ॲपल’ लिहीत नाही. ते चढतं, उड्या मारतं, रंगवतं, गाणी पाठ करतं, शब्दांचे तुकडे पाडून टाळ्या वाजवतं आणि रेघा-वळणांचा सराव करतं. वाचन सुरू होतं ते सीपीत, सहाव्या वर्षी. पुण्यातल्या नर्सरीतून आलेल्या आयांचा पहिल्या वर्षी जीव खालीवर होतो, कारण शेजारचं मूल तोवर स्पेलिंग पाठ म्हणत असतं. विश्वास ठेवा. सीपीत ख्रिसमसच्या आसपास ही मुलं वाचायला लागतात आणि तोवर अक्षर-ध्वनीची पायाभरणी इतकी पक्की झालेली असते की वाचन भराभर पुढे जातं. त्याची तीन वर्षं सीपीबरोबर संपतील. नंतर पुण्याला परतलात तरी दुसरीत जायला त्याला अडचण येणार नाही. लंगोट सुटलेला असावा ही अट मात्र असते. शिवाय पहिले काही महिने तो वर्गात बोलणार नाही. या मौनाने घाबरू नका, तो साठवत असतो.

मधलीच्या बाबतीत खरा विचार करायला हवा. तीन वर्षं म्हणजे सीएम-१, सीएम-२ आणि सिझिएम. फ्रेंच अभ्यासक्रमात या तिन्हींचं मिळून एक चक्र असतं. त्यानंतर तुलूझला गेलात तर ती सँकिएममध्ये जाईल, भाषा रोज कानावर पडत राहील आणि नववीच्या अखेरीस ब्रव्हे परीक्षेपर्यंत ती वर्गाच्या बरोबरीने असेल. पुढे तिला बाक फ्रांसे अँतेरनासिओनाल ही बाक घेता येईल, जी २०२४ पासून दिली जाते आणि ज्यात फ्रेंचच्या जोडीला दुसऱ्या एका भाषेतही गंभीर अभ्यास असतो. इंग्रजी चांगलं असलेल्या मुलीसाठी ही फार सुंदर वाट आहे.

पण तीन वर्षांनी पुण्याला परतलात तर? ती सातवीत येईल. फ्रेंच बोलेल, पण अभ्यासाची फ्रेंच अजून अर्धीच असेल आणि वापर थांबल्यावर ती झपाट्याने विरते. हिंदी लेखन तीन वर्षं मागे पडलेलं असेल. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, तेव्हा मराठीचा पेपरही समोर असेल. हे सगळं एकाच वर्षी अंगावर येतं, आणि तेही बाराव्या-तेराव्या वर्षी, जेव्हा मुलींना वर्गात मागे पडणं सर्वांत जास्त टोचतं. म्हणून माझं स्पष्ट मत असं: तुलूझची किंवा फ्रेंच शाळा असलेल्या दुसऱ्या शहराची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तरच तिला फ्रेंच शाळेत घाला. यजमानांनी कंपनीशी यावर आत्ताच, प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी बोलून घ्यावं. कंपनीला तुमच्या तीन वर्षांनंतरच्या बेताबद्दल तुम्हाला वाटतं त्याहून जास्त माहिती असते.

घातलीत तर मग मध्ये काढू नका. पहिल्या वर्षाच्या फेब्रुवारीत बहुतेक पालक डगमगतात. पुण्यात पहिल्या पाचांत असलेली मुलगी इथे वाक्य पूर्ण करू शकत नाही, दिक्ते म्हणजे श्रुतलेखनात लाल खुणाच खुणा, आणि ती घरी येऊन रडते. दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात हीच मुलगी मैत्रिणीकडे राहायला जायचा हट्ट धरते. मधला काळ आईवडिलांनी धीराने काढायचा असतो.

आपल्या मुलांचं एक बलस्थान तिला इथे उपयोगी पडेल. फ्रेंच प्राथमिक शाळेत कविता पाठ करून वर्गासमोर म्हणण्याची पद्धत आजही जिवंत आहे, आणि पाठांतराची सवय असलेली मुलं त्यात पहिल्याच सत्रात चमकतात. भाषा नीट येण्याआधी शाबासकी मिळण्याचा हा एक मार्ग आहे; शिक्षिकेला आवर्जून सांगा की तिला कविता पाठ करायला आवडतं. गणितात उलट अनपेक्षित ठेच लागते. तिथे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे आपण १,२५० लिहिलं की शिक्षक सव्वा वाचतात. भागाकाराची मांडणीही वेगळी: भाजक उजवीकडे आणि भागाकार त्याच्या खाली. गणित येत असूनही पहिल्या चाचणीत गुण जातात. हे सप्टेंबरच्या आधी घरीच एका दुपारी समजावून टाका. तसंच जोडून लिहिलेलं वळणदार अक्षर. तिथल्या वह्यांना आडव्या-उभ्या बारीक रेघांची खास आखणी असते आणि सीपीपासूनच मुलं त्यावर अक्षरं जोडून लिहितात. सुटी छापील अक्षरं काढणाऱ्या मुलीला फळ्यावरचं वाचणंही आधी जड जातं.

तुमच्या हातात वेळ चांगला आहे. सीबीएसईचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि फ्रेंच शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते. मधले महिने तिला पुण्याच्या आलियाँस फ्रांसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत मुलांच्या वर्गाला घाला, आणि सिंगापूरला पोहोचल्यावर तिथल्या आलियाँसमध्ये. व्याकरण शिकवा असा आग्रह धरू नका. ऐकणं, गाणी, आवाज, अक्षर, एवढं पुरे.

थोरला. इथे मोह कुठे आहे तो मला कळतो: तीन वर्षं म्हणजे नेमकी सगोंद, प्रमिएर, तेर्मिनाल. बाक होऊनच निघायचं, आणि तिघांची एकच बस. कागदावर इतकं जुळणारं प्रत्यक्षात का जुळत नाही ते सांगते.

सगोंदमध्ये पाऊल ठेवल्यापासून दोन वर्षं व्हायच्या आत, प्रमिएरच्या जूनमध्ये, बाकचा फ्रेंचचा पेपर असतो. चार तास लेखी: एखाद्या साहित्यकृतीतल्या उताऱ्याचं रसग्रहण नाहीतर मुद्देसूद प्रबंध. वर वर्षभर वाचलेल्या कृतींवर तोंडी परीक्षा. फ्रान्समध्ये वाढलेली मुलंही या पेपरला टरकतात. तेर्मिनालमध्ये चार तासांचा तत्त्वज्ञानाचा पेपर सर्वांना सक्तीचा. त्याखेरीज ग्राँ ओराल, म्हणजे स्वतः तयार केलेल्या प्रश्नावर परीक्षकांसमोर बोलायचं. २०२१ पासूनच्या नव्या बाकमध्ये चाळीस टक्के गुण दोन वर्षांच्या वर्गातल्या कामाचे असतात, त्यामुळे शेवटी एकदम भरून काढू म्हटलं तरी जमत नाही. गणितात हुशार मुलगा गणिताच्या बळावर तरत नाही. प्रश्नच लांबलचक फ्रेंच मजकुरात असतो आणि उत्तराचं कारण वाक्यांत लिहावं लागतं.

दुसरं, विषय. प्रमिएरला तीन विशेष विषय घ्यायचे आणि तेर्मिनालला त्यांतला एक सोडून दोन ठेवायचे. इंजिनिअरिंगसाठी गणित आणि भौतिक-रसायन ठेवता येतं, तिथे अडचण नाही. भारत आणि फ्रान्स यांच्यात २०१८ मध्ये पदव्या-प्रमाणपत्रांच्या परस्पर मान्यतेचा करारही झाला आहे. पण जेईईचा अभ्यासक्रम सीबीएसईच्या अकरावी-बारावीशी जोडलेला आहे. फ्रेंच तेर्मिनालमधलं रसायन आणि जेईईचं रसायन यांचा क्रम आणि भर वेगळे आहेत. फ्रेंच भाषा, बाक आणि जेईई ही तीन ओझी पंधरा वर्षांच्या मुलावर एकदम टाकू नयेत. असं करून हिरमुसलेली, स्वतःला मठ्ठ समजू लागलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

त्याला सिंगापुरातल्या सीबीएसई शिकवणाऱ्या भारतीय आंतरराष्ट्रीय शाळेत घाला. त्याची दहावी-बारावी व्यवस्थित होईल. सुट्ट्या भावंडांशी जुळणार नाहीत हे खरं: फ्रेंच शाळा साधारण दर सात आठवड्यांनी दोन आठवडे बंद असते, सीबीएसईचं वेळापत्रक निराळं. सकाळी दोन बस पकडाव्या लागतील. त्याच्या तीन वर्षांच्या मानाने ही गैरसोय लहान आहे. तुलूझला लवकर जावं लागलं तर शहरालगत कोलोमिए इथे आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, तिचा विचार करता येईल. फ्रेंच जाळ्यातल्या काही शाळांमध्येही इंग्रजी शाखा असते. हाँगकाँगच्या फ्रेंच शाळेत आयजीसीएसई आणि आयबी हे अभ्यासक्रम इंग्रजीतून शिकवतात. सिंगापूरच्या शाळेला हे जरूर विचारा. तशी शाखा असेल तर माझं ‘नाही’ मागे घेते, कारण माझा आक्षेप फ्रेंच माध्यमातल्या लिसेपुरताच आहे.

पैशांचं थोडक्यात. फ्रेंच सरकारच्या शालेय शिष्यवृत्त्या फक्त फ्रेंच नागरिकांच्या मुलांना मिळतात. इतरांसाठी एक्सेलाँस-माजर नावाची शिष्यवृत्ती आहे, पण ती बाकमध्ये उत्तम यश मिळवून फ्रान्समध्ये उच्च शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी असते. तेव्हा कंपनी ‘फी भरणार’ म्हणजे काय काय भरणार ते लेखी घ्या. पहिल्या प्रवेशाची परत न मिळणारी रक्कम, बस, जेवण, फ्रेंचचे आधार वर्ग, आणि थोरला वेगळ्या शाळेत गेला तर त्याची फी, हे सगळं त्यात आहे का? आधार वर्गांचे पैसे अनेकदा पालकांच्या खिशातून जातात, आणि मधलीला पहिली दोन वर्षं ते लागणारच.

शाळेच्या रीतीभातींबद्दल दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. गुण वीसपैकी देतात आणि पुरते वीस क्वचितच देतात. बारा बरे, चौदा चांगले, सोळा म्हणजे फारच छान. बाकच्या श्रेणीही याच आकड्यांवर ठरतात. पंचाण्णव टक्क्यांची सवय असलेल्या घरात तेरा आले की सुतक पसरतं, ते पसरू देऊ नका. दुसरं, शिक्षक प्रगतीपुस्तकात जे लिहितात ते आपल्याला कोरडं, कधी कठोर वाटतं. त्यात राग नसतो. भेटीची वेळ मागा, प्रश्न विचारा. फ्रेंच शिक्षक आवडीने आणि सविस्तर बोलतात. जेवणात शाकाहाराचं काय, हे मात्र पहिल्याच भेटीत नीट विचारा. ‘मांसाशिवाय’ म्हटल्यावर ताटात मासा येऊ शकतो.

घरी फ्रेंच बोलायचा प्रयत्न करू नका, ही माझी सर्वांत कळकळीची विनंती. शिकाऊ फ्रेंचमधून मुलांना काहीच मिळत नाही, आणि तुमच्या मराठीतून त्यांना गोष्ट रचणं, वाद घालणं, कारण देणं मिळतं. ते फ्रेंचमध्ये तसंच्या तसं उपयोगी येतं. ज्यांची घरची भाषा भक्कम त्या मुलांची फ्रेंच लवकर उभी राहते, हे मी वर्गावर्गांत पाहिलं आहे. दोघा धाकट्यांना देवनागरी वाचन-लेखन मात्र ठरवून शिकवावं लागेल, रोज थोडं. सिंगापूरच्या सरकारी शाळांत मातृभाषा म्हणून हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू घेता येतात, मराठी नाही. म्हणजे शहरात मराठीची सोय आपली आपणच करायची. महाराष्ट्र मंडळाशी पोहोचल्याबरोबर संपर्क साधा.

अर्ज लवकर पाठवा. जागा कमी असतील तर फ्रेंच नागरिकांना, आधीच जाळ्यातल्या शाळेत असणाऱ्या मुलांना आणि शाळेतल्या मुलांच्या भावंडांना आधी घेतात, आणि तुम्ही यांपैकी कशातच बसत नाही. म्हणून धाकट्याचा अर्ज आधी निश्चित होऊ द्या. मातेर्नेलमध्ये फ्रेंच न येणाऱ्या मुलांना सामावून घेणं तुलनेने सोपं असतं, आणि तो आत गेला की मधलीचा अर्ज भावंडाचा म्हणून पाहिला जातो. तिच्या अर्जाबरोबर मागच्या दोन वर्षांची प्रगतीपुस्तकं आणि आलियाँसच्या वर्गाचा दाखला जोडा, आणि प्रवेशाच्या मुलाखतीत एकच प्रश्न हट्टाने विचारा: आठवड्याला फ्रेंचच्या आधाराचे किती तास, कितीजणांच्या गटात आणि किती महिने? याचं नेमकं उत्तर शाळेकडे तयार असेल तर सही करा. ‘मुलं आपोआप शिकतात’ असं म्हणाले, तर मधलीसाठी थांबा.